तळ झाकेल एवढी

फिद्दाच्या खिडकीतून उम्म जदायलचा फक्त खांदा दिसायचा. बाकीचा डोंगर शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीनं गिळलेला. मुतलकनं, म्हणजे फिद्दाच्या एकुलत्या एक मुलानं, गावात सिमेंटचं घर बांधलं तेव्हा मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, "आई, तुझ्या खोलीची खिडकी मुद्दाम डोंगराकडे ठेवलीय हं." तेव्हा टाकी नव्हती. पुढच्याच वर्षी ती आली. काळी, प्लास्टिकची, पोट सुटलेली. तेव्हापासून रोज सकाळी खिडकीशी बसून टाकीला चार शिव्या हासडायच्या आणि मगच चहाला हात लावायचा, असा फिद्दाचा नेमच झाला होता.

उम्म जदायल म्हणजे वेण्यांची आई. तिच्या तांबड्या वालुकाश्माच्या अंगावरून पाण्यानं माथ्यापासून पायापर्यंत पन्हळी पाडल्या आहेत, त्या वेण्यांसारख्या दिसतात. फिद्दाचं सगळं आयुष्य त्या वेण्यांच्या सावलीत गेलं. दक्षिणेच्या कपारीत एक पाझर आहे, त्याच्या भोवती पुदिना माजतो, वर एक रानअंजीर खडकाला चिकटून उभं आहे. त्या कपारीखाली दर वसंतात तिचं केसांचं घर उभं राहायचं. तिनं स्वतः शेळ्यांचे केस कातून, जमिनीवर माग ताणून, पट्टा पट्टा विणून शिवलेला काळा तंबू.

पुढं डोंगर राष्ट्रीय उद्यानात गेला. फिद्दाला हे वाक्य आयुष्यात कधी कळलं नाही. डोंगर कुठं कसा जाईल? होता तिथंच तर होता. गेली ती माणसं. शाळेसाठी, दवाखान्यासाठी, विजेसाठी एकेक करून गावात गेली आणि उद्यान बघायला परदेशातून लोक येऊ लागले. मग मुतलकनं त्यांच्यासाठी पलीकडच्या खोऱ्यात मुक्कामाचा तळ काढला, आणि एक दिवस दारात गाडी लावून म्हणाला, "आई, आपला तंबू नुसताच पडून आहे. पाहुण्यांना जेवायला बसवायला नेऊ का?" फिद्दा हो म्हणाली. मुलगा मागतोय तर नाही कसं म्हणायचं? नंतर मात्र ती रिकाम्या जागेकडे बघत बसली आणि दुपारचं जेवलीच नाही.

यंदा हिवाळ्यात पाऊस पडला. नुसती धूळ बसवून जाणारा नव्हे, चांगला दमदार, वाळूतून गवताची पाती वर काढणारा. अबू नायफ उंट शोधत त्या बाजूला गेला होता, तो परत येऊन दाराशी ओरडला, "उम्म मुतलक! तुझा पाझर पुन्हा गळायला लागला गं! पुदिना गुडघ्याएवढा झालाय!" अबू नायफ फिद्दाच्या मेलेल्या नवऱ्याचा, सब्बाहचा, शिकारीचा जोडीदार. वय झालं तरी त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

तेव्हापासून फिद्दाचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एक वसंत, फक्त एक वसंत तिला त्या कपारीखाली काढायचा होता. गुडघे अजून थोडंफार ऐकत होते. पुढच्या पावसाची वाट ते बघतील असं तिला वाटत नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. केसांच्या घराला मरण नसतं, असं तिची आई सांगायची. छताच्या मधोमधचा पट्टा सगळ्यात जास्त ऊन खातो. दरवर्षी मध्ये नवा पट्टा घालायचा, जुने पट्टे कडेला सरकवायचे, अगदी कडेचा फाटका काढून टाकायचा. असं करत गेलं की घर आईचं असतं, आजीचं असतं आणि तरी नवंच असतं. तंबू मुतलकच्या तळावर गेला तेव्हापासून त्यात एकही पट्टा पडला नव्हता. या हिवाळ्यात फिद्दानं उरलेल्या चार शेळ्यांचे केस कातले, सिमेंटच्या अंगणात खुंट्या रुतत नव्हत्या म्हणून मागाच्या दोऱ्या पाण्याच्या पाइपाला बांधल्या, आणि एक लांबलचक पट्टा विणून काढला. तो आता गुंडाळून तिच्या उशाशी होता.

"कशाला विणलास?" मुतलकनं विचारलं होतं.

"थडग्यावर घालायला," ती म्हणाली होती. कारण त्याआधी तिचं तीन वेळा सरळ विचारून झालं होतं, आणि तिन्ही वेळा नकारच आला होता.

मुतलक वाईट मुलगा नव्हता. तेच तर अवघड होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं. "आई, तुझ्या साखरेच्या गोळ्या कोण देणार तिथं? मागल्या थंडीत घरातल्या घरात पडलीस. आणि लोक काय म्हणतील? मुतलकनं स्वतःला सिमेंटचं घर बांधलं आणि आईला नेऊन वाळूत टाकलं!"

"लोक म्हणजे कोण रे? अबू नायफ? तो स्वतः उंटाशेजारी झोपतो."

"आई, चेष्टा नको."

"मी कुठं चेष्टा करतेय? वाळूत टाकलं म्हणे. अरे, वाळूतच तर तुला जन्म दिला. त्याच कपारीखाली. तुझा बाप बाहेर उभा राहून थरथरत होता आणि म्हणे मी शिकारी!"

मुतलक हसला, पण हो म्हणाला नाही. गाडीत बसता बसता त्यानं खिडकीतूनच शेळ्या कुठं चारायच्या ते सांगितलं. फिद्दा पुटपुटली, "बाप उंटावरून शेळ्या हाकायचा, हा गाडीतून हाकतो. प्रगती आहे."

सून नौफा सगळं ऐकत होती. नौफा फिद्दाच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणून ती सासूला आत्याच म्हणायची आणि नवऱ्याच्या पाठीमागे नेहमी आत्याच्याच बाजूनं बोलायची. तोंडावर मात्र गप्प. कणीक मळता मळता ती म्हणाली, "त्यांचं डोकं त्या तळापलीकडे चालत नाही, आत्या. काल काय सांगत होते माहितीय? परदेशी पाहुण्यांना आपल्या रीतीनं पेल्यात थोडीशी कॉफी दिली की त्यांना वाटतं आपण कंजूष. म्हणून आता सगळ्यांचे पेले काठोकाठ भरतात."

फिद्दाचा हात छातीवर गेला. "काठोकाठ? पाहुण्याला?"

"हो. ते आनंदानं पितात."

"पितीलच! त्यांना काय माहीत!" वाळवंटात शेंबड्या पोरालाही कळतं, पेल्यात कॉफी तळ झाकेल एवढीच ओततात. थोडी ओतली याचा अर्थ बसा, अजून ओतायची आहे. पुरे झाली की पाहुणा पेला हलवून दाखवतो. आणि भरलेला पेला म्हणजे एकदाच काय ती प्या आणि चालू लागा. "माझा मुलगा रोज गाडीभर लोकांना हाकलतो आणि ते त्याला धन्यवाद देतात!" फिद्दा हसता हसता खोकायला लागली. मग एकदम थांबली. कॉफीच्या पेल्यावरून तिला दुसरंच काही आठवलं होतं.

फिद्दा तेव्हा शेळ्या राखणारी पोर होती, वेणी कमरेखाली. एक चुकार शेळी उम्म जदायलच्या अंगावर चढली आणि तिच्यामागे फिद्दा. शेळी कुठूनशी उतरून गेली. फिद्दा मात्र एका फळीएवढ्या कंगोऱ्यावर अडकली. वर जाता येईना, खाली बघवेना. तेव्हा खालून एक आवाज आला, "उजवा पाय एक वीत खाली. तिथं खाच आहे." सब्बाह होता तो. डोंगरी बोकडाच्या मागावर आलेला. परक्या मुलीकडे वर मान करून बघणं बरं नाही म्हणून तो डोंगराकडे पाठ करून उभा होता, आणि नुसते गडगडणारे खडे ऐकून पाऊल कुठं टाकायचं ते सांगत होता. "आता डावा. घाबरू नकोस, तिच्या वेणीला धर." वेणी म्हणजे डोंगराची. पाठ करून उभा होता असं तो मरेपर्यंत शपथेवर सांगत राहिला. फिद्दाचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. पण उतरून आली तेव्हा त्याची पाठच तिच्याकडे होती हे खरं, आणि कान लालभडक झाले होते.

महिनाभरानं सब्बाहचा बाप चार माणसं घेऊन फिद्दाच्या बापाच्या तंबूत आला. कॉफी आली. म्हाताऱ्यानं पेला घेतला आणि न पिता समोर वाळूवर ठेवला. फिद्दा मधल्या पडद्याला डोळा लावून बसली होती. पेला खाली ठेवला म्हणजे मागणं आहे. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला शिवणार नाही. आणि न पिता पाहुणा उठून गेला तर यजमानानं तोंड दाखवायचं कुठं? फिद्दाच्या बापाला सगळं ठाऊक होतं, तरी त्यानं मुद्दाम पावसाच्या, उंटांच्या, कुणाच्या तरी पोटदुखीच्या गप्पा काढल्या. कॉफी निवली. त्यात माशी पडली. शेवटी बाप म्हणाला, "पी रे बाबा, माशीसकट पी. मुलगी दिली."

"नौफा," फिद्दा म्हणाली, "शुक्रवारी तळावर वडीलधारी माणसं जमणार आहेत ना?"

"हो, उद्यानवाल्यांनी जुनी वाट बंद केली त्याबद्दल बोलायला."

"मला तिथं घेऊन चल. माझा मुलगा मला कॉफी देईल. मी पेला खाली ठेवीन."

नौफाच्या हातातली कणीक तशीच राहिली. "आत्या! स्वतःच्या मुलासमोर?"

"मुलाकडे मागून झालं. आता यजमानाकडे मागते."

नौफाच्या डोळ्यांत भीती होती आणि त्याहून जास्त मजा होती. शुक्रवारी तिनं स्वतः आत्याला ठेवणीतला काळा झगा घातला, डोळ्यांत सुरमा घातला आणि शेजाऱ्याची गाडी बोलावली.

तळ फिद्दानं पहिल्यांदाच पाहिला. मधोमध तिचं केसांचं घर उभं होतं, आणि ते बघून तिला पहिल्यांदा जे वाटलं ते म्हणजे लाज. कुणी आपल्याला फाटक्या कपड्यांत बघावं तशी. मधला पट्टा उन्हानं तपकिरी पडून जाळीदार झाला होता, त्यातून उजेडाचे ठिपके गालिच्यावर सांडले होते. खांबांवर रंगीत दिवे गुंडाळले होते. पडदा काढून टाकला होता. आत दहा-बारा म्हातारे मांडी घालून बसले होते, आणि पलीकडे लाकडी बाकांवर परदेशी पाहुण्यांची एक टोळी नुकतीच जेवून उठत होती. मुतलक त्यांना निरोप देत होता, कॉफी ओतत होता, हसत होता, घामाघूम झाला होता. तसाच चोचीची किटली घेऊन तो इकडे आला आणि आईला बघून थबकला.

त्यानं ओळखलं. ठेवणीतला झगा, सुरमा. आई कशाला आली आहे हे त्याला न सांगता कळलं, आणि फिद्दालाही कळलं की त्याला कळलं आहे.

"अरे वा, उम्म मुतलक!" अबू नायफ ओरडला. "सरका रे, जागा द्या! पहिला पेला हिला. हिच्याच घरात बसलोय आपण, भाड्यानं."

मुतलक पुढं आला. त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर खिळलेली, किटली मात्र दिवसभराच्या सवयीनं चालत होती. तो ओततच राहिला. पेला काठोकाठ भरला, थेंबभर कॉफी गालिच्यावर सांडली, आणि तो पेला त्यानं आईच्या हातात दिला.

कुणीतरी खाकरायला गेला आणि गिळून बसला. मुतलकनं पेल्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

फिद्दाला एक क्षण खरंच वाटलं की याला आपण नकोशा झालोय. मूर्ख विचार होता, तिलाही ठाऊक होतं, पण तो आला आणि काळजात रुतलाच. मुलानं भर माणसांत आईला चालती हो म्हटलं. मग तिनं वर बघितलं. मुतलकचे कान लालभडक झाले होते, बापासारखे.

आता पेला खाली ठेवायचा कसा? मागणं राहिलं बाजूला. हा पेला तिनं ठेवला असता तर त्याचा अर्थ एकच झाला असता, आईनं अपमान उचलून सगळ्यांसमोर मांडला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट अकब्याच्या बंदरापर्यंत गेली असती. मुतलकनं सख्ख्या आईला भरला पेला दिला! त्याच्या नातवंडांच्या लग्नात लोकांनी ती उगाळली असती. पण पेला पिऊन टाकला, तर मागणार काय आणि कशावर? वसंत काय, एक-दोन महिन्यांचा. दारातून येतो तोवर निघून जातो.

फिद्दानं पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. तिनं पेला हलवला आणि मुलाच्या हातात परत दिला.

"बघितलंत का सगळ्यांनी?" ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा खणखणीत निघाला. "हिवाळाभर याच्या मागं लागलेय, मला डोंगराखाली जाऊ दे, जाऊ दे म्हणून. तोंडानं हो म्हणायला लाजतो, बापावर गेलाय. आज पेल्यानं म्हणाला. जा, आई."

मग अबू नायफच्या घशातून गुरगुर निघाली, ती वाढत वाढत हसू झाली, आणि तो मांडीवर थाप मारत मागं कलंडला. "काय रीत काढलीय पोरानं! मुतलक, आम्ही साक्षीदार आहोत बरं का! भरला पेला दिलास. आता शब्द फिरवशील तर याद राख!" सगळे म्हातारे हसायला लागले. कुणी म्हणालं, शहाणा मुलगा. कुणी म्हणालं, आईला असा निरोप द्यावा. पलीकडचे परदेशी पाहुणेही काही न समजता हसले, कारण सगळे हसत होते.

मुतलक हसला नाही. तो आईजवळ गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "आई, हात चुकला गं. शप्पथ."

"माहितीय," ती त्याच्या कानात म्हणाली. "पण तंबू न्यायचा म्हणजे न्यायचाच. हे दिवे काढ आधी. लग्नघर वाटतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी केसांचं घर उम्म जदायलच्या कपारीखाली उतरलं. तळावरच्या पाहुण्यांची सोय बघायला अबू नायफ राहिला होता. तो त्यांना काय काय खोटं सांगेल याची मुतलकला धास्ती होती. तंबू वाळूवर उलटा पसरून फिद्दा आणि नौफा दोन टोकांना बसल्या. जुनी शिवण उसवली, पट्टे कडेला सरकवले, कडेचा फाटका काढला, आणि मधोमध नवा काळाभोर पट्टा घालून शिवला. फिद्दाला सुईत दोरा ओवता येईना. तो मुतलकनं ओवून दिला. मग त्यानं खांब उभे केले, दोर ताणले, खुंट्या ठोकल्या. इथं त्या रुतल्या.

अबू नायफ खरं बोलला होता. पाझर गळत होता, पुदिना गुडघ्याएवढा नव्हता पण होता. फिद्दा खडकाशी गेली आणि तिनं एका पन्हळीत तळवा ठेवला. वालुकाश्म दिवसभराच्या उन्हानं कोमट झाला होता, हाताला त्याची बारीक वाळू लागली. तिनं वर बघितलं. तो कंगोरा अजून होता. केवढासा होता! आणि त्या वयात केवढा वाटला होता. "सब्बाह," ती हळूच म्हणाली, "तू बघितलं होतंस. कबूल कर." डोंगर काही बोलला नाही. तोही सब्बाहच्याच बाजूचा.

ऊन उतरायला लागलं, वेण्या तांबड्याच्या जांभळ्या होत चालल्या. नौफा पाझराशी भांडी भरत होती. फिद्दानं विस्तव केला, लोखंडी पळीत कॉफीचे दाणे भाजले, वेलदोडे टाकले आणि जुन्या लाकडी उखळात कुटायला घेतले. मुसळाचा ठोका डोंगरावर आपटून परत यायचा, तसा आजही आला. पूर्वी हा ठेका ऐकला की खोऱ्यातून माणसं चालत यायची. आज खोऱ्यातून कुणी आलं नाही. मुतलक गाडीच्या दारात उभा होता, किल्ली हातात.

"निघायला हवं, आई. गोळ्यांचा डबा उशाशी ठेवलाय. नौफा आहेच. परवा येतो."

"कॉफी झालीय. घेऊन जा."

तो येऊन बसला. फिद्दानं किटली उचलली आणि पेल्यात तळ झाकेल एवढी कॉफी ओतली. तो प्यायला. पेला हलवायचा सोडून त्यानं पुढं धरला. तिनं ओतली. तो प्यायला, पेला पुन्हा पुढं धरला. तीन पेल्यांपुढे मागणं बरं दिसत नाही, हे तिनंच त्याला लहानपणी कान पिळून शिकवलं होतं. त्यानं चौथ्यासाठीही पेला पुढं धरला.

गाडीची किल्ली वाळूवर पडली होती. ती त्यानं उचलली नाही.

"किती पिशील रे?" तिनं विचारलं.

"तू भरून देईपर्यंत," मुतलक म्हणाला.

फिद्दानं किटली दोन्ही हातांनी धरली आणि तळ झाकेल एवढीच ओतली.